अपक्ष नगरसेविकेची सही आणि आघाडीचे तीस दिवस

प्रश्न असा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत पहिल्यांदाच अपक्ष म्हणून निवडून आलेल्या एका ताई विचारतात: "निकाल अटीतटीचा लागला. कोणालाच बहुमत नाही. आम्ही पाच अपक्ष आहोत आणि आमच्यावाचून कोणाचे जमत नाही. दोन्ही बाजूंची माणसे रात्री उशिरा घरी येतात. एकाने भरलेला फॉर्मच आणला, म्हणाला फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो. दुसरा म्हणतो, बॅग भरा, उद्या गाडी निघतेय. घरातले म्हणतात, सत्तेबरोबर जा. सही करू का? कोणाबरोबर जाऊ? आणि गेले तर माझ्या प्रभागातल्या पाण्याचे काम होईल याची खात्री काय?"

ताई, तो फॉर्म आजच परत पाठवा. भांडू नका, कोणाला दुखवू नका, "वाचून सांगते" एवढेच म्हणा. हे आधी सांगतो, कारण सही झाल्यावर माझ्या उरलेल्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नाही.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. नोकरीची बहुतेक वर्षे महापालिका सचिव कार्यालयात गेली. महासभेची विषयपत्रिका, इतिवृत्त, समित्यांच्या निवडणुका, गटनेत्यांची पत्रे हेच माझे काम. निवृत्तीनंतर नगरसेवकांच्या अपात्रतेच्या प्रकरणांत वकिलांना कागद लावून देतो. कोणता पक्ष चांगला, यावर मी बोलणार नाही. पण फायलींमध्ये मी अशा कितीतरी सह्या पाहिल्या की ज्या करणाऱ्यांना आपण कशावर सही केली हे वर्षभराने कळले. त्यात बायका जास्त होत्या. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या, पण वाटाघाटीच्या खोलीत अजून यजमान, दीर नाहीतर भाऊच बसतात, आणि बाईकडे शेवटी फक्त कागद येतो. तुम्ही स्वतः प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला.

आता मुद्द्याकडे येतो. सत्तास्थापना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विधानसभा येते. २०१९ साली २८८ जागांत भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ असे आकडे आले. राष्ट्रपती राजवट लागली, पहाटेचा शपथविधी झाला, आणि २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी खुल्या मतदानाने बहुमत सिद्ध करा असा आदेश दिला. तिथे राज्यपाल आहेत, निमंत्रण आहे, विश्वासदर्शक ठराव आहे. महापालिकेत यातले काहीच नाही. सगळ्यांत मोठ्या पक्षाला कोणी आधी बोलावत नाही. एक सभा लागते, पीठासीन अधिकारी समोर बसतात, नगरसेवक हात वर करतात आणि महापौर निवडला जातो. बहुमताचा आकडाही त्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांवर ठरतो. दोन माणसे घरी बसली तरी गणित बदलते. मते समान पडली तर चिठ्ठी टाकतात.

म्हणून सगळ्यांचे डोळे त्या सभेवर असतात. पण आपल्या भागातल्या महापालिकांची सत्ता त्याआधी बेलापूरला कोकण भवनात कागदावर येते. महापालिकेतला प्रत्येक पक्ष, गट, आघाडी यांची नोंद कोकण विभागाच्या विभागीय आयुक्तांकडे होते. गटनेता आपल्या सदस्यांची यादी देतो आणि प्रत्येक नगरसेवक आपले स्वतंत्र विवरण सहीनिशी देतो. तुमच्या घरी आलेला फॉर्म बहुधा त्यातलाच असणार. पुढची पाच वर्षे तुम्ही कोणाच्या, हे तो कागद ठरवतो.

यामागे दोन कायदे आहेत. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा स्थानिक संस्थांपुरता पक्षांतरबंदीचा कायदा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा व्हीप म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश मोडून उलटे मत दिले वा तटस्थ राहिला, तर तो अपात्र ठरू शकतो. अपक्षासाठी नियम वेगळा आणि जास्त कडक आहे: निवडून आल्यावर अपक्षाने कोणत्याही पक्षात किंवा आघाडीत प्रवेश केला तर पद जाते. लोक तुम्हाला सांगतील की अपक्षाला कसलेच बंधन नाही. ते अर्धेच खरे आहे. मत कुठेही द्यायला तुम्ही मोकळ्या आहात, प्रवेश करायला नाही.

दुसरा कायदा म्हणजे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात कलम ३१ अ आहे. समित्यांवरच्या जागा पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक संख्याबळानुसार वाटायच्या, हे ते सांगते. त्याच कलमात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. निवडणुकीचा निकाल राजपत्रात अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्षांना आणि गटांना निवडणुकीनंतरची आघाडी करता येते, आणि १९८६ च्या कायद्याचा अडथळा तिला येत नाही. मात्र एकदा नोंद झाली की ती आघाडी जणू निवडणुकीआधीच झाली होती असे धरले जाते. आघाडीचा व्हीप मग तुमच्यावरही चालतो. महापौराच्या दिवशी तर चालतोच, पण चौथ्या वर्षी एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायच्या ठरावावर तुम्हाला विरोध करायचा असला तरी चालतो. आघाडी नोंदवून नंतर वेगळा रस्ता धरता येतो का, यावरचा उल्हासनगर महापालिकेतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ साली निकाली निघाला. तोवर ज्या निवडणुकीतून तो निघाला तिची मुदत संपत आली होती.

म्हणजे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, मोठ्या पक्षाच्या आघाडीत नाव नोंदवणे. दोन, पाच अपक्षांनी मिळून आपलीच वेगळी आघाडी महिन्याच्या आत नोंदवणे आणि मग कोणाला तरी पाठिंबा देणे. तीन, कुठेच नोंद न करता एकेकट्याने बाहेरून पाठिंबा देणे. घरी येणारी माणसे फक्त पहिलीच वाट दाखवतात. माझे मत विचाराल तर तुम्ही दुसरी धरा. का, ते आकड्यांतून सांगतो.

नवी मुंबईसारखी १११ जागांची महापालिका धरू. आकडे मी समजण्यापुरते घेतो. एका मोठ्या पक्षाकडे ५१, दुसऱ्याकडे ४९, एक लहान पक्ष ६ आणि तुम्ही ५. बहुमत ५६ चे. लहान पक्ष दुसऱ्या बाजूला गेला तर ते ५५ होतात, आणि तुम्ही पहिल्या बाजूला गेलात तर ते बरोबर ५६. महापौर तुमच्या पाच हातांवर. इथपर्यंतचे गणित चहाच्या टपरीवरही होते. पुढचे बघा.

महापौर हा शहराचा प्रथम नागरिक. मान मोठा, सभेचे अध्यक्षपद त्याच्याकडे. पण कारभाराची सूत्रे महापालिका आयुक्तांकडे असतात आणि पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. मोठ्या निविदा तिथे मंजूर होतात, आयुक्तांचे अंदाजपत्रक आधी तिथे जाते, मग महासभेपुढे येते. स्थायी समितीत १६ सदस्य. संख्याबळाला १६ ने गुणायचे आणि १११ ने भागायचे. ५१ वाल्यांचे येतात ७.३५, ४९ वाल्यांचे ७.०६, सहा जणांचे ०.८६ आणि पाच अपक्षांचा गट असेल तर ०.७२. पूर्णांकांत सात आणि सात अशा चौदा जागा गेल्या. उरल्या दोन. त्या मोठ्या अपूर्णांकांना मिळतात, म्हणजे एक लहान पक्षाला आणि एक तुम्हाला. पाच जणांच्या गटाला स्थायी समितीत स्वतःची खुर्ची!

आता तेच पाच जण ५१ वाल्यांच्या आघाडीत नोंदवले गेले तर? ५६ ला १६ ने गुणून १११ ने भागले की ८.०७. आघाडीच्या आठ जागा. बाहेरून बघता फरक काहीच नाही, कारण सात अधिक एक म्हणजेही आठ. पण आठव्या खुर्चीवर कोण बसणार ते आता आघाडीचा गटनेता लिहून देणार. ती जागा तुमच्या गटाची राहिली नाही. तुम्हाला द्यायचे त्याने तोंडी कबूल केले असेल, आणि तो शब्द पाळेलही. पण स्थायी समितीतले निम्मे सदस्य पहिल्या वर्षानंतर चिठ्ठीने निवृत्त होतात आणि जागा पुन्हा भरल्या जातात. दुसऱ्या वर्षी तोच शब्द पुन्हा मागायला तुम्ही कोणत्या बळावर जाणार?

आणखी एक गोष्ट या गणितात दडलेली आहे. समिती आठ विरुद्ध आठ अशी समसमान होते. सभापतीच्या निवडणुकीत बरोबरी झाली तर चिठ्ठी निघते. चिठ्ठी समोरच्याची निघाली तर महापौर तुमच्या मित्राचा आणि तिजोरी दुसऱ्याच्या हाती. हे कल्पनेतले नाही. नवी मुंबईत २०१५ साली राष्ट्रवादीला ५२, शिवसेनेला ३८, काँग्रेसला १०, भाजपला ६ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. राष्ट्रवादीने काँग्रेसला बरोबर घेतले, महापौर राष्ट्रवादीचा, उपमहापौर काँग्रेसचा. वर्षभरात, २०१६ मध्ये, स्थायी समितीचे सभापतिपद शिवसेनेकडे गेले. ज्यांनी महापौराच्या दिवशी गुलाल उधळला ते त्या दिवशी सभागृहाबाहेर गप्प उभे होते.

ठाण्याचे २०१२ चेही तसेच. १३० जागा, बहुमत ६६ चे. शिवसेना ५३, भाजप ८, रिपब्लिकन १ मिळून ६२. राष्ट्रवादी ३४ आणि काँग्रेस १८ मिळून ५२. मध्ये मनसेचे ७, बसपचे २ आणि अपक्ष ७. तेव्हाचे दिवस ठाणेकरांना आठवत असतील: पळवापळवीचे आरोप, पोलीस बंदोबस्त, पाचपाखाडीच्या मुख्यालयाबाहेर गर्दी. शेवटी मनसेने शिवसेनेला पाठिंबा दिला आणि शिवसेनेचे हरिश्चंद्र पाटील सभागृहात महापौर निवडले गेले. पण स्थायी समितीच्या रचनेचे भांडण पुढे न्यायालयात गेले. स्थायी नसली की ठेके अडतात, आणि ठेका अडला की गल्लीतले खोदलेले गटार पावसाळ्यापर्यंत तसेच राहते. त्या काळात कार्यालयात फाईल घेऊन येणारे नगरसेवक कोणत्या पक्षाचे हे बघायची वेळच येत नसे, सगळ्यांचे एकच म्हणणे असे, माझ्या वॉर्डातले काम कधी सुटणार.

नुसत्या आकड्यांवर विसंबू नये हे कळायला भिवंडीही पुरे आहे. ९० च्या सभागृहात काँग्रेसचे ४७, म्हणजे एकहाती बहुमत. तरी डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपद कोणार्क विकास आघाडीकडे गेले, जिचे स्वतःचे ४ नगरसेवक होते. काँग्रेसचे १८ जण पलीकडे गेले. अपात्रतेचे अर्ज झाले, सुनावण्या झाल्या, पण तोवर महापौर काम करतच होत्या. पक्षांतराची शिक्षा सावकाश येते आणि खुर्ची मात्र लगेच मिळते. हे मी तुम्हाला मोह पडावा म्हणून सांगत नाही. ज्यांच्याशी तुम्ही करार करणार त्यांच्या मनात हा हिशेब असतो, म्हणून सांगतो.

अपक्षाने बाहेरून पाठिंबा दिला तर तो प्रवेश ठरतो का? नुसता पाठिंबा म्हणजे प्रवेश नव्हे. हरियाणातल्या अपक्ष आमदारांच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली: त्या माणसाने आपले अपक्षपण सोडले का, हे त्याच्या वागण्यावरून ठरवायचे. म्हणून पाठिंब्याच्या पत्रात शब्द जपून लिहा. "महापौरपदाच्या निवडणुकीत अमुक उमेदवाराला पाठिंबा देत आहोत" इथे थांबा. "पक्षाच्या ध्येयधोरणांवर विश्वास ठेवून" असली वाक्ये नकोत. पक्षाचे उपरणे गळ्यात घालून फोटो नको. पक्ष कार्यालयात सत्कार स्वीकारलात तर "जाहीर प्रवेश" या मथळ्याखाली तो फोटो समाजमाध्यमांवर तासाभरात फिरतो आणि पुढे माझ्यासारखाच कोणीतरी तो छापून विरुद्ध बाजूच्या अर्जाला जोडतो. मी स्वतः असे फोटो जोडले आहेत.

आता तुमच्या पाण्याचा प्रश्न, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही विचारता, खात्री काय. न्यायालयात जाऊन वसूल करता येईल अशी खात्री कोणत्याही राजकीय कराराला नसते. पण कच्चा शब्द आणि पक्का शब्द यांत फरक करता येतो. "तुमचे काम नक्की करू" हा कच्चा. पक्का म्हणजे कामाचे नाव, ठिकाण, अंदाजे खर्च आणि तो अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून होणार हे लिहिलेला. पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आत्ताच भेटा. तुमच्या प्रभागात पाणी कमी येते ते उंच टाकी नाही म्हणून, जलवाहिनी जुनी आहे म्हणून, की वरूनच पुरवठा कमी होतो म्हणून, हे आधी समजून घ्या. नवी मुंबईकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, ठाण्याला मात्र आपल्या योजनेबरोबर स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा कितीतरी दारांतून पाणी घ्यावे लागते. तुमच्याकडे कारण जलवाहिनीचे असेल तर ती महापालिकेच्या हातातली गोष्ट आहे, मागून घ्या. मूळ पुरवठाच कमी असेल तर ते मंत्रालयातून सुटणारे काम आहे, आणि कोणी गटनेता ते सहा महिन्यांत करतो म्हणाला तर तो तुम्हाला फसवतो आहे.

मग किमान समान कार्यक्रम लिहून घ्या. दोन पाने पुरेत. त्यात पाचही जणांची प्रत्येकी एक-दोन कामे, पहिल्याच अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी तरतूद, स्थायी समितीतली जागा तुमच्याच गटाची राहील हे, परिवहन आणि प्रभाग समित्यांत काय मिळेल ते, आणि कोणत्या विषयांवर तुम्ही मोकळेपणाने मत द्याल ते. हे शेवटचे विसरू नका. गावठाणातली घरे, प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न, मैदानांची आरक्षणे, कचराभूमी, अशा विषयांवर तुमच्या मतदारांना तुम्ही काही सांगून निवडून आला असाल. त्या विषयांवर हात बांधून घेऊ नका. कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, आणि शक्य असेल तर तो पत्रकारांपुढे वाचून दाखवा. लोकांना ठाऊक असलेला करार मोडायला माणूस दहादा विचार करतो.

"पहिली अडीच वर्षे आमची, पुढची तुमची" असे कोणी म्हणाले तर हुरळून जाऊ नका. महापौराची मुदत अडीच वर्षांची असते आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे मंत्रालयात नगरविकास विभागाच्या सोडतीत ठरते. पुढच्या वेळी आरक्षण बदलले आणि तुमच्या गटात त्या प्रवर्गाचे कोणीच नसले, तर दिलेला शब्द पाळायची इच्छा असूनही पाळता येणार नाही. मी एका महापालिकेत हे घडताना पाहिले. दोन चांगली माणसे होती, एकमेकांचा विश्वास होता, आणि सोडतीनंतर दोघांचे बोलणे बंद झाले. अडीच वर्षांनंतरच्या वचनापेक्षा यंदाच्या अंदाजपत्रकातली ओळ मागा.

एका मताच्या बहुमताबद्दलही सावध राहा. ५६ विरुद्ध ५५ हा आकडा पाच वर्षे तसाच राहत नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्यांना जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे लागते, नाहीतर पद जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत बंधनकारक धरली तेव्हा कोल्हापूरसह अनेक ठिकाणच्या नगरसेवकांच्या खुर्च्या डळमळल्या आणि राज्य सरकारला कायदा बदलावा लागला. अनधिकृत बांधकामावरूनही पद जाते, आणि आपल्या पट्ट्यात ती तक्रार करायला कोणीही तयार असतो. तुम्ही ज्या बाजूला जाणार तिच्यातली किती पदे अशी टांगती आहेत, याची चौकशी करा. तुमच्या पाच जणांपैकी कोणाचे प्रमाणपत्र बाकी असेल तर आधी ते हाताशी घ्या, महापौर नंतर.

पैशाचे तुम्ही लिहिले नाही, पण बॅग भरायला सांगणारा त्याबद्दल बोललाच असणार. आमदार-खासदारांना मतासाठी पैसे घेतल्यावर विशेषाधिकाराचे संरक्षण आहे का, यावर बरीच वर्षे वाद होता. ४ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ते संरक्षण नाही असे सांगितले. नगरसेवकाला तर ते कधीच नव्हते. तुम्ही कायद्याने लोकसेवक आहात. त्या खोलीत कोणी काय ठेवले, कोणाच्या गाडीत ठेवले, याचे चित्रण कोणाच्या फोनमध्ये आहे हे तुम्हाला कळणारही नाही. आणि एकदा घेतले की पाण्याच्या लाइनीबद्दल बोलायला तोंड उरत नाही. "तुम्हाला तुमचे मिळाले ना," हे वाक्य मी सभागृहाच्या पायऱ्यांवर एका नगरसेवकाला सुनावले जाताना ऐकले आहे. तो माणूस वाईट नव्हता. त्यानंतर चार वर्षे तो कुठल्याच विषयावर बोलला नाही.

सहलीला जावे का? कायद्याने बंदी नाही, आणि सगळे पक्ष आपापल्या माणसांना लोणावळ्याला नाहीतर गोव्याला नेतात. तुमच्या गटाने मात्र एकत्र राहायचे ठरवले तर इथेच राहता येईल. जायचीच वेळ आली तर पाचही जणांनी एकत्र जा, फोन स्वतःकडे ठेवा, रोज ठरलेल्या वेळी घरी बोला, आणि तिथे असताना कोणत्याही कागदावर सही करू नका. रिकाम्या लेटरहेडवर तर मुळीच नको. एका महापालिकेतल्या चार अपक्षांनी हॉटेलच्या खोलीत रात्री दोन वाजता कोऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यांना वाटले महापौराला पाठिंब्याचे पत्र आहे. महिन्याने कळले की आघाडीच्या नोंदणीत त्यांची नावे गेली आणि गटनेता निवडीलाही त्यांची संमती नोंदवली गेली. पुढे एका ठरावावर त्यांना विरोध करायचा होता. व्हीप दारावर चिकटवला गेला, पंचनामा झाला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. चौघांनीही मान खाली घालून हात वर केला.

व्हीपबद्दल एवढे लक्षात ठेवा: तो कोणी काढायचा आणि तुमच्यापर्यंत कसा पोहोचवायचा यावरच अपात्रतेची निम्मी प्रकरणे लढली जातात. तुमची स्वतःची आघाडी असेल तर व्हीप काढायचा अधिकार तुमच्यातल्याच एकीकडे किंवा एकाकडे राहील. गटनेता निवडताना पाचांतला सगळ्यांत बोलका माणूस निवडू नका, जो फोन उचलतो आणि शब्दाला जागतो तो निवडा. गटाची बैठक झाली की इतिवृत्त लिहा, शाळेच्या वहीत लिहिले तरी चालेल, पण प्रत्येक बैठकीला पाचही सह्या.

कोणत्या बाजूला जायचे, ते मी सांगणार नाही. तुमच्या मतदारांनी कोणाविरुद्ध तुम्हाला निवडले हे तुम्हालाच माहीत. मी फक्त विचारेन, दोन्ही बाजूंना तेच दोन पानांचे कागद दाखवलेत का? एकालाच दाखवले तर ती विनवणी होते, दोघांना दाखवले तर वाटाघाट.

उद्या सकाळी पाच जण भेटा, घरातली माणसे बाहेरच्या खोलीत बसवा. राजपत्रातल्या अधिसूचनेची तारीख काढा आणि तिथून तीस दिवस कॅलेंडरवर खुणा करा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, एखादी सही जुळत नाही म्हणून कागद परत आले तर दुरुस्तीला वेळ हवा. आघाडीचे नाव, गटनेत्याची निवड, पाचही जणांची विवरणे आणि निवडून आल्याची प्रमाणपत्रे यांचे दोन संच करा. एखाद्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. मग पाचही जण स्वतः बेलापूरला जा. स्थानकाहून कोकण भवन लांब नाही. कागद दिलेत की दुसऱ्या संचावर पोच घ्या, आणि त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे की नाही हे त्या खिडकीपाशी उभे असतानाच बघा.